इंग्रजी वचने

सुलू वाकनीस ‘हो’ म्हणाली की हो, आणि ‘नाही’ म्हणाली की नाही. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्या दुमजली घरात सत्तावीस वर्षं हा कायदा चालत आला होता. तो केला होता तिच्या थोरल्या दिरांनी, अनिल वाकनीसांनी. घरातली आणि गल्लीतली सगळी त्यांना दादा म्हणत. खालच्या मजल्यावर दूधवाला हुज्जत घालायचा, "बाबूजी, दो लीटर दिया था." वरच्या गॅलरीतून सुलू म्हणायची, दीड. की दादांचा हात वर. "भैया, सीधी बात है. सुलू ने बोल दिया, बात ख़तम." आणि बात खरंच ख़तम व्हायची. नात्यातल्या दोन बायकांचं कशावरून बिनसलं, तरी दादा विचारायचे, "सुलू तिथं होती का? मग तिला विचारा ना. आपसात काय भांडून राह्यल्या?"

हा सगळा विश्वास एका खोट्यावर उभा होता. सुलू ते घरातल्या पोथीवर हात ठेवून बोलली होती. ही गोष्ट उज्जैनमध्ये फक्त सुलूला ठाऊक होती, आणि देवासला एका बाईला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी पुण्याहून लेकीचा, निहारिकाचा फोन आला.

"आई, रविवारी येतेय मी. देवश्री पण आहे सोबत, माझी रूममेट. तिला आपली पोथी बघायचीय."

"कसली पोथी?"

"अगं आपली, इंग्रजी वचने. ती त्याच्यावरच पीएचडी करतेय. म्हणजे आपल्या पोथीवर नाही, तसल्या जुन्या, हातानं उतरवलेल्या इंग्रजी वह्यांवर. मी सहज बोलले की आमच्याकडे एक आहे, आम्ही तिच्यावर हात ठेवून शपथा घेतो. ती खुर्चीतून पडायचीच बाकी राहिली. काकांना विचारलं मी. काका म्हणाले," आणि निहारिकाने सूर खाली नेऊन हुबेहूब दादांचा आवाज काढला, "‘बिल्कुल बघू दे. पण आंघोळ करून बसायचं, सीधी बात आहे.’"

एरवी सुलू खळखळून हसली असती.

"उघडणार आहे का ती?"

"मग काय फडक्यावरून वाचणार? एकेका पानाचा फोटो काढणार आहे."

एकेका पानाचा. सुलूने फोन ठेवला. कढईतले पोहे खाली लागले होते, तरी तिला वास आला नाही.

वाकनीसांचे एक पूर्वज, त्र्यंबकपंत, दरबारच्या दफ्तरात होते आणि एका गोऱ्या साहेबाला मराठी शिकवायचे. विलायतेला परत निघताना साहेबाने आपल्या घराण्यात चालत आलेली एक जाडजूड वही पंतांना भेट दिली. पंतांनी तिच्यावर मोडीत चिठ्ठी डकवली : इंग्रजी वचने. बाकी काही नाही. पुढच्या दोन पिढ्यांना इंग्रजी येत नव्हतं. तिसरीला आलं, पण ते जुनं वेलबुट्टीदार अक्षर लागेना. ‘वचने’ मात्र सगळ्यांना कळत होतं. वचन म्हणजे दिलेला शब्द. तेव्हा जी वचनांची पोथी, तिच्यासमोर दिलेला शब्द मोडायचा नाही, असं घरात ठरूनच गेलं. चामड्याची म्हणून तिला देवांच्या ओळीत जागा मिळाली नाही, खालच्या फळीवर मिळाली. पण दसऱ्याला हळदकुंकू, फूल, तांबडं फडकं, सगळं मिळालं. नवी सून उंबऱ्याच्या आत आली की तिचा हात पोथीवर. दादांच्या वडिलांनी तिच्यावर हात ठेवून तपकीर सोडली आणि मरेपर्यंत नुसत्या बोटांचा वास घेत राहिले. पोथी उघडायची मात्र कोणी नाही. उघडली की वचन फिटतं, असं म्हणत.

सुलूने ती उघडली सत्त्याण्णव साली, दसऱ्यानंतर. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा, गोपाळ, तेव्हा बँकेच्या रतलाम शाखेत होता, शनिवार-रविवारी यायचा. ती स्वतः कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपरायटर घेऊन बसायची. वकिलांची अक्षरं म्हणजे मुंग्यांची वरात, पण सुलूला कोणतंही अक्षर लागायचं. एखादा वकील स्वतःचं लिहिलेलं वाचता येईना की तिच्याकडे यायचा, "मॅडम, ये मैंने क्या लिखा है?" दिवसाला वीस-वीस शपथपत्रं तिच्या बोटांखालून जायची. मी शपथपूर्वक कथन करतो की. मी शपथपूर्वक कथन करते की. कोण किती खरं कथन करतंय, हे समोरच्या चहावाल्यालाही ठाऊक असायचं.

फडकं बदलायला म्हणून तिने पोथी वर आणली. पहिलं पान उघडलं आणि मिटताच येईना. पाच-सहा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. एक अक्षर गोल, एक तिरकं, एक जणू घोड्यावर बसून काढलेलं. कुणीतरी एका कवितेखाली बारीक अक्षरात शेरा मारला होता : याहून मागची बरी होती. शेवटच्या पानांवर खोकल्याचं औषध, गोगलगायी दुधात उकळून. वकिलांचं अक्षर लागणाऱ्या बाईला हे लागणारच. फक्त एक शब्द लागेना. किफ्स. ओळीओळीत किफ्स. गिव्ह मी वन किफ्स. डिक्शनरीत नाही. शेवटी तिने एका वकिलाला विचारलं. वकिलाने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "किफ्स? वो... अंग्रेज़ों के टाइम का एक टैक्स था. अब बंद हो गया." चार दिवस सुलू वाचत होती की हा प्राणी आपल्या प्रेयसीकडे एवढा कर का मागतोय, आणि ती लाजते का.

मग ‘फ्वीट’ आलं. माय फ्वीट. तिथं तिच्या ध्यानात आलं की या लोकांचा सुरुवातीचा आणि मधला एस लांब असतो, वर वळवलेला, अगदी एफसारखा. फ्वीट नाही, स्वीट. आणि किफ्स नाही. ती एकटीच होती, तरी तिने पदर तोंडाला लावला.

त्यानंतर दोन आठवडे रोज रात्री ती दहा-बारा पानं वाचायची आणि कडेला पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहायची. शेवटचं पान झालं तेव्हा तिने खाली डाव्या कोपऱ्यात तारीख टाकली आणि आपली आद्याक्षरं. टाइप केलेल्या प्रत्येक कागदावर टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं डाव्या कोपऱ्यात टाकायची, ही कोर्टाची पद्धत. हात सवयीने गेला. ३/११/९७. सु.वा.

नऊ तारखेला, तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, दादांची धाकटी बहीण अहल्या घरातून निघून गेली. टावर चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्या विक्रांत सोलंकीबरोबर. अहल्या सुलूच्याच वयाची, सुलूची जिवाची मैत्रीण. सकाळी दहा वाजता दादांनी पोथी आणून मधल्या खोलीत पाटावर ठेवली. "सुलू, हात ठेव. ती कुठे गेली, तुला माहीत आहे?"

सुलूने हात ठेवला. तळव्याखाली कोण आहे, हे तिला पुरतं ठाऊक होतं. देव नव्हता. मुके मागणारी, थट्टा करणारी माणसं होती, आणि त्यांतलं एकही अहल्येला परत आणा म्हणालं नसतं.

"नाही दादा. मला माहीत नाही."

दादांनी पुन्हा विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःचा हात पोथीवर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून मी तिचं तोंड बघणार नाही. नाव काढणार नाही." त्याच दिवशी त्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली.

तेव्हापासून दर शुद्ध अष्टमीला सुलू देवासला जाते. टेकरीवरच्या देवीला, असं घरी सांगून. दर वेळी दादा नारळ देतात, "माझ्याकडूनही नमस्कार कर." गोपाळ गेला त्या महिन्यात तेवढी खेप चुकली.

आता पोथी उघडणार होती. कोपऱ्यात तारीख होती, शपथेच्या सहा दिवस आधीची, आणि तिच्या हातची. दादांना हिशेब मांडायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

शुक्रवारी सकाळी ती खोडरबर ओच्यात घेऊन खाली गेली. दादा देवघरासमोरच पेपर पसरून बसले होते.

"दादा, फिरायला नाही गेलात?"

"गुडघा दुखून राह्यलाय."

"मग जरा उन्हात बसा ना ओट्यावर."

"का? इथं काय करायचंय तुला?"

"पोथीचं फडकं धुवून टाकते म्हटलं. पाहुणी येणार."

"राहू दे. दसऱ्यालाच नवं घातलंय." दादांनी पान उलटलं. "तू पण ना सुलू, मुलाकडचे बघायला आल्यासारखं करून राह्यली आहेस."

दुपारी ती लोणच्याची बरणी मागायला गेली. दादा तिथंच. संध्याकाळी दिवा लावायला गेली. दादांनी आधीच लावला होता. त्या दिवशी सुलू पाच वेळा जिना उतरली आणि पाच वेळा चढली, आणि पाचव्या वेळी दादांनी विचारलं, "बी.पी.ची गोळी घेतलीस ना?" ती म्हणाली, घेतली. दादांनी मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्यांनी असं पटकन मानलं की तिला त्यांच्यासमोर उभं राहवत नसे. या दोन दिवसांत जास्तच.

शनिवारी दादा कसल्याशा कागदावर सही करायला बँकेत गेले. रिक्षा वळताच सुलू देवघरात. दादांची गाठ म्हणजे दुहेरी, वर आणखी एक वेढा. पोथी मांडीवर घेतली. पहिलंच पेन्सिलीचं पान. किफ्स = एक जुना टॅक्स (वकीलसाहेब). खाली चार दिवसांनी लिहिलेलं : किफ्स = किस = मुका. तिने रबर टेकवलं आणि हलकेच घासलं. पेन्सिल निघाली, पण तिच्याबरोबर कडेच्या ओळीतली तपकिरी शाईही उचलायला लागली. तीनशे वर्षांपूर्वी कुण्या रिकामटेकड्या माणसाने हसत हसत उतरवलेली ओळ, आणि तिचं शेपूट रबराच्या चुऱ्यात चाललेलं. सुलूने रबर उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा उचललं. शेवटचं पान तरी, नुसता कोपरा तरी, असं म्हणून तिने पानं उलटायला घेतली, तोच फाटक वाजलं.

"सर्वर डाऊन आहे म्हणे!" दादा बाहेरूनच ओरडत होते. "इतकी मोठी बँक, आणि सर्वर डाऊन. सोमवारी या बोलले."

तिने फडकं गुंडाळलं, हाताला येईल तशी गाठ मारली आणि पोथी फळीवर सरकवली. दादा आत आले तेव्हा ती निरांजन पुसत होती. ते आधीच पुसलेलं होतं.

रविवारी सकाळी दोघी आल्या. देवश्री ठेंगणी, मोठ्या चष्म्याची. प्रत्येक वाक्याला ‘ना’ची झालर लावायची. "काकू, पोहे इतके मस्त आहेत ना! आणि वर शेव, आणि जिलबी बरोबर! आमच्याकडे ना असं कुणी खात नाही."

"पुण्यात काय खातात मग? माप मोजून देत असतील," दादा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खुशीत हसले. आज ते फार आनंदात होते. धुतलेलं धोतर नेसले होते. दोनशे वर्षं घरात होती ती चीज कुणीतरी शिकलेलं माणूस बघायला आलं होतं.

आंघोळ करून देवश्री टेबलापाशी बसली. टेबलावर स्वच्छ चादर. दादांनी पोथी आणून ठेवली आणि गाठीला हात घातला. हात तिथंच थांबला. त्यांनी गाठ एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या. सुलू भिंतीला टेकून उभी होती. दादांनी गाठ सोडली.

"बापरे, हळद!" देवश्री.

"दर दसऱ्याला. पूजाच करतो आम्ही."

"दोनशे वर्षं?" देवश्रीने कव्हरवरून बोट फिरवलं, बोट पिवळं झालं. "आमच्या सरांना सांगितलं ना, तर त्यांना चक्कर येईल." तिने पहिलं पान उघडलं. ओठ हलायला लागले. मग तिने पुढचं पान उलटलं, आणखी पुढचं, आणि एकदम ‘अय्या’ म्हणून हसली.

"कोणतं वचन निघालं?" दादांनी हात जोडलेले होते.

"काका, ही ना... वचनं आहेत, पण तशी वचनं नाहीत हो. संतवचन म्हणतो ना आपण? वचन म्हणजे ओळ. पद्य. तुमच्या पूर्वजांनी नुसतं ‘इंग्रजी कविता’ एवढंच लिहून ठेवलंय."

"बरं. भक्तीच्या?"

देवश्रीने निहारिकाकडे पाहिलं. "प्रेमाच्या. म्हणजे हसण्याच्या प्रेमाच्या. तेव्हा तिकडे लोक ना अशा कविता एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घ्यायचे. मित्राकडून मित्राकडे, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे. ही बघा, हा म्हणतो, सीलिया, तुझ्या कुत्र्याला तुझी मांडी आणि मला दाराबाहेरची थंडी. ठीक आहे, उद्यापासून मी भुंकायला शिकतो."

निहारिका फस्सकन हसली. मग तिने काकांचा चेहरा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

दादांनी जोडलेले हात सोडले नव्हते. "पुढं बघ. कुठंतरी देव असेल."

देवश्रीने बिचारीने खरंच शोधलं. "एक आहे. पण तो पंखवाला आहे, प्रेमाचा. आणि कपडे नाहीत त्याला."

"माझ्या वडिलांनी यावर हात ठेवून तपकीर सोडली," दादा म्हणाले. कुणालाच नाही, समोरच्या भिंतीला. "चाळीस वर्षं."

बाहेर भोंग्याच्या गाडीवरून कुणाचंतरी प्रवचन लागल्याची घोषणा चालली होती. देवश्रीला वाटलं असावं की काहीतरी चांगलं सांगावं, म्हणून ती घाईने पानं उलटत गेली, आणि तिचा आवाज एकदम वर गेला.

"अरे! इथं कुणीतरी मराठीत अर्थ लिहिलेत! पेन्सिलीने! निहारिका, बघ ना. ‘किफ्स’! लांब एस आहे ना, त्याला आमचे एम.ए.चे विद्यार्थी पण फसतात. कुणीतरी एकट्याने, कुणाला न विचारता शोधून काढलंय. नाही, विचारलंय, वकीलसाहेबांना!" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणि हे पुसलंय कुणी? हा रबराचा चुरा आहे. काका, हा तर ताजा आहे."

सुलू भिंतीला आणखी टेकली. ती खाली बसली नाही, कारण बसली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

देवश्री शेवटच्या पानावर पोचली. "तारीख पण आहे. तीन अकरा सत्त्याण्णव. सु.वा. हे कोण हो?"

"आजी असेल," निहारिका म्हणाली. "सुमती वाकनीस. काका, आजीला इंग्रजी यायचं ना?"

दादांनी पान स्वतःकडे ओढलं. त्यांच्या पेन्शनच्या अर्जापासून पाण्याच्या तक्रारीपर्यंत प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी ही दोन अक्षरं पाहिली होती. मग त्यांनी मान वर केली.

"सुलू. तू सांग. आईने लिहिलंय हे?"

आवाजात राग नव्हता. त्या आवाजात विनवणी होती. सुलूला कळलं की ती आता हो म्हणाली तर दादा मानतील. अक्षर ओळखूनसुद्धा मानतील. सासूबाई देवाघरी आहेत, विचारायला कोणी जाणार नाही. देवश्री दुपारी फोटो काढेल, उद्या गाडीत बसेल, आणि बात ख़तम. एक ‘हो’. त्यासाठी पोथीवर हात ठेवायचीही गरज नव्हती, दादा नुसता तिचा शब्द मागत होते. पोथीवरचं खोटं तिला सत्तावीस वर्षांपूर्वी जड गेलं नव्हतं. हे जड होतं.

"मी लिहिलंय, दादा."

निहारिका म्हणाली, "आई, तू? अगं मग सांगितलं का नाही कधी?"

"थांब," दादा म्हणाले. "तीन तारखेला तू हे वाचून संपवलं."

"हो."

"आणि नऊ तारखेला हात ठेवला."

"हो."

"अहल्या कुठे गेली, तुला माहीत होतं."

सत्तावीस वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं. निहारिकाने अशी एक आत्या आहे एवढं नुसतं ऐकलं होतं, ती जागच्या जागी उभी राहिली.

"मीच बसमध्ये बसवून दिलं होतं. देवास गेटच्या स्टँडवरून."

"आणि टेकरीची देवी?"

"टेकरीच्या पायथ्याशीच तिचं घर आहे. आधी वर जाते मी. खोटं नाही. वर जाते, मग तिच्याकडे."

"माझे नारळ?"

सुलूने ओठ चावला. "चटणी करते ती. तुमच्याकडचा आहे म्हणून मीच सांगते. डोळ्यांना लावते आणि मग फोडते."

"तीनशेच्या वर नारळ झाले असतील." दादा हसले नाहीत. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. देवश्री चष्मा काढून कपड्याला पुसत होती, आपण इथं असायला नको होतं असा चेहरा करून. सुलूला वाटलं, आता ओरडतील. हद्द झाली म्हणतील, चालती हो म्हणतील. त्यासाठी ती तीन दिवस तयार होत आली होती.

"त्या दिवशी मी पण हात ठेवला होता," दादा म्हणाले.

"आठवतं मला."

"नाही आठवत. आठवत असतं तर बोलली असतीस." आता त्यांचा आवाज फाटला. "विक्रांत गेला, नऊ वर्षं झाली. पेपरात वाचलं मी. तेराव्याला निघालो. कुणाला न सांगता निघालो. देवास गेटला बसमध्ये चढलो, सीटवर बसलो. कंडक्टर बोलला, ‘देवास?’ आणि मला ही आठवली." त्यांनी पोथीवर बोट आपटलं, हळदीची भुकटी उडाली. "उतरलो. घरी आलो. तू बोलली, दादा, चहा ठेवू का? आठवतं? चहा ठेवू का! मी या कुत्र्याच्या कवितेला बांधलेला होतो सुलू, आणि तुला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. दादा, त्यात काही नाही. बस्स. एवढाच."

सत्तावीस वर्षं ती आपला शब्द जपत आली, आपलं खोटं उघडं पडेल का याचीच धास्ती घेत आली. त्याच पोथीवर दुसरा हातही पडला होता, आणि तो तिथंच अडकून राहिला होता, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. एकदाही नाही. अष्टमीमागून अष्टमी ती अहल्येला सांगत आली होती, दादा कठोर आहेत गं, नाही वितळायचे.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाले. "चुकलं."

देवश्रीने अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, मी फोटो काढू की नको?" दादा म्हणाले, "काढ बेटा. सगळ्यांना वाचू दे. आमच्या घरात खूप दिवस कोणी वाचलं नाही." आणि सुलूकडे न बघता विचारलं, "पहिली बस किती वाजता असते?"

"साडेसातला. फोन करू का तिला आधी?"

"नको. फोनवर ती रडेल, मग मला पण जमणार नाही. सीधं जाऊ." ते थांबले. "तू चल बरोबर. घर मला माहीत नाही."

दुपारभर देवश्री खिडकीतल्या उजेडात पानं सपाट करून फोटो काढत होती. निहारिका तिला कोपरे धरून देत होती आणि मधेच दोघींना हसू आवरेनासं व्हायचं. सुलू वर आपल्या खोलीत कपाट आवरत बसली. खालून एकदा दादांचा आवाज आला, "हे काय लिहिलंय? हिचं नाव काय? क्लोई? असं नाव असतं?" पण त्यांनी तिला हाक मारली नाही. संध्याकाळचा चहा त्यांनी स्वतः करून घेतला.

सोमवारी सकाळी दोघी मुली महाकालला गेल्या होत्या. दादा कडक इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे होते, हातात टावर चौकातून आणलेला मिठाईचा पुडा. सुलूने वरच्या मजल्याचं कुलूप लावलं आणि खाली आली. खालचं लावलं. पर्स खांद्याला अडकवली.

"वरचं लावलंस?" दादांनी विचारलं.

"लावलं, दादा."

दादा दोन पावलं रिक्षाकडे चालले. थांबले. मग पुडा तिच्या हातात दिला आणि दुखऱ्या गुडघ्याने, बाहेरच्या जिन्याच्या कठड्याला धरून, एक एक पायरी चढत वर गेले. सुलू रस्त्यात उभी राहून ऐकत होती. वरती कुलूप ओढल्याचा आवाज आला. एकदा. मग आणखी एकदा.